माया सोडून

"माया किती सोडू?" हा प्रश्न मराठीत फक्त शिंपीच विचारू शकतो. कीर्तनकार माया सोडायला सांगतो तेव्हा ती टाकून द्यायची असते. शिंपी सोडतो तेव्हा ती आत राखून ठेवायची असते. शिवणीच्या पलीकडे, कपड्याच्या आतल्या अंगाला जी बोटभर पट्टी उरते, तिला शिंपी माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण कपडा अंगावर किती वर्षं टिकणार, हे बऱ्याचदा तीच ठरवते.

या प्रकरणात एक साधं जाकीट शिवायचं आहे. बाह्या नाहीत, अस्तर नाही. उभी पट्टी असलेला गळा, पाच बटणं, बाहेर दोन खिसे आणि आत एक चोरखिसा. लग्नात मिरवायला नाही, रोज घालायला. सदऱ्यावर, कुर्त्यावर, टी-शर्टवर, कशावरही चढेल असं.

पनवेलमध्ये जाकीट कशाला, असं कोणी विचारेल. वाजवी शंका आहे. आमच्याकडे थंडी पाहुणी म्हणून येते. जानेवारीतल्या चार-दोन पहाटे वडाळे तलावावर धुकं दिसलं की लोक एकमेकांना फोटो पाठवतात आणि नऊ वाजता घामाघूम होतात. पण हल्लीची थंडी ऋतूची उरलेली नाही, ती यंत्राची आहे. ऑफिसात एसी, मॉलमध्ये एसी, बसमध्ये एसी. जानेवारी २०२० मध्ये ठाणे-पनवेल मार्गावर एसी लोकलही धावली. घरून निघताना ३२ अंश आणि खुर्चीवर बसल्यावर २२. त्यात दुचाकीवरून खोपोलीकडे पहाटे निघणारे वेगळेच. अशा माणसाला स्वेटर जड होतो आणि रेनकोटचं जर्किन आतून भिजवतं. त्याला हवं असतं छाती आणि पाठ झाकणारं, काखेत मोकळं आणि घडी करून पिशवीत कोंबता येणारं काहीतरी. ते काहीतरी म्हणजे जाकीट.

शब्द इंग्रजांकडून आला आणि इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. पण बिनबाह्यांच्या जाकिटाची गोष्ट जरा उलटी आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं ऑक्टोबर १६६६ मध्ये दरबारात जाहीर केलं की आता आपण नवा पोशाख सुरू करणार. तो होता 'व्हेस्ट', आणि पाहणाऱ्यांना तो इराणी धाटणीचा वाटला, असं त्या काळच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण इतिहासातलं साल लक्षात ठेवायला असे खुंटे बरे पडतात. पुढे त्या व्हेस्टचा वेस्टकोट झाला, आपल्याकडे येऊन वास्कट झाला. म्हणजे पूर्वेकडून गेलेली वस्तू तिकडे बटणं लावून घेऊन परत आली.

आपल्याकडे तोवर अंगावर काय होतं? बाराबंदी, अंगरखा, बंडी, कोपरी. बाराबंदीला बटण नाही, बंद आहेत. म्हणून माणूस सुटला तरी बंद सैल करता येतात. त्या कपड्यांची कापणीही वेगळी. बहुतेक तुकडे चौकोनी, नाहीतर तिरपे कापलेल्या कळ्या. काखेत गोल खड्डा न कापता तिथे कळी बसवायची, म्हणजे हात वर जातो आणि कापडही वाया जात नाही. ज्या समाजात कापड हातमागावर वितीवितीनं विणलं जायचं, तिथे कात्रीनं अर्धगोल काढून चिंध्या पाडणं कोणाला परवडणार? जाकीट मात्र अंगाच्या वळणानं कापतात. खांद्याला उतार, काखेला खोल वळण, गळ्याला गोल. चिंध्या पडतातच. दोन्ही पद्धतींत मला जुनी जास्त हुशार वाटते, पण बिनबाह्यांच्या कपड्याला तिचा उपयोग नाही. कळी बसवायला बाही लागते. कोळीनृत्यातल्या नाखव्याच्या अंगावर जे तोकडं जाकीट दिसतं, त्यात या दोन्ही वंशांचं रक्त आहे.

कापड

रायगडच्या किनारी पट्ट्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कापड निवडताना एवढी एक गोष्ट पुरते. टेरिकॉट लवकर वाळतं, पण घाम धरून बसतं. जाड डेनिम जुलैत वाळायला दोन दिवस घेतं आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. मधला मार्ग म्हणजे सुती, मध्यम जाडीचं, जरा विरळ विणीचं कापड. हातमागाचं चौकटीचं कापड किंवा जाडसर खादी. हाताच्या सुताला पीळ सारखा नसतो; कुठे धागा फुगीर, कुठे बारीक. त्या असमानतेमुळे कापडात हवा राहते. म्हणून खादी उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असते असं म्हणतात, त्यात थोडा प्रचार आहे आणि बरंच तथ्य.

हल्ली खणाची जाकिटं दिसतात. गुळेदगुड्डचा खण अंगावर फार देखणा दिसतो, हे मान्य. पण तो चोळीसाठी विणलेला, त्याचा पन्हा लहान. जाकिटाला जागोजागी जोड द्यावे लागतात. रोजच्या वापराला मी तो घेणार नाही.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. हा शब्द दुकानात जाण्याआधी माहीत हवा, कारण कापड किती घ्यायचं हे तोच ठरवतो. खादीचा पन्हा बऱ्याचदा ३६ इंच, गिरणीच्या कापडाचा ४४ किंवा ५८. आणखी एक गंमत: कापड मीटरवर विकतात आणि अंग इंचांत मोजतात. १९६० च्या सुमारास दशमान पद्धत आली, गज गेला, पण टेपवरचा इंच काही शिंप्याच्या गळ्यातून उतरला नाही. आणि तो साडे-पाऊण-सव्वा करत मराठीतच मोजतो. दहा पूर्णांक तीन चतुर्थांश असं कोणी म्हणत नाही, पावणेअकरा म्हणतात.

कापड घरी आणलं की कात्री लावायची नाही. आधी रात्रभर बादलीत बुडवायचं. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात आणि विणून झालं तरी तो ताण कापडात राहतो. पाण्यात सूत फुगतं, ताण सुटतो आणि धागे एकमेकांवरून जास्त वळसा घेत आखडतात. पावणेदोन मीटर खादी लांबीला दोन-तीन इंच सहज आटते. पन्ह्यातही आटते, पण कमी. न भिजवता शिवलेलं जाकीट पहिल्या धुण्यातच बंडी होतं. भिजवलेलं कापड पिळायचं नाही, झटकून दांडीवर घालायचं आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करायची. इस्त्री धाग्याच्या उभ्या दिशेनं.

माप

मापं चारच लागतात: छाती, खांदा, उंची, गळा. एक अंग धरून चालू. छाती ३८, खांदा साडेसतरा, उंची २७, गळ्याचा घेर १५.

मुंबईच्या झारापकरांचं नाव शिवणकाम शिकलेल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. के. आर. झारापकर यांची कटिंगची पद्धत आणि त्यांचं पुस्तक यांवर शिवणवर्गांच्या पिढ्या वाढल्या. अशा पद्धतींचं सूत्र हेच, की बरीचशी मापं छातीवरून काढायची. छातीचा चौथा भाग म्हणजे अंगाची रुंदी, छातीवरूनच मुंढ्याची खोली, बाराव्या भागाच्या आसपास गळ्याची रुंदी. गणित न आवडणाऱ्या माणसालाही कोष्टक पाठ होतं. सूत्र चांगलं आहे आणि घाईच्या दुकानाला तेच हवं. पण एकाच छातीच्या दोन माणसांचे खांदे सारखे नसतात. हमाली केलेला खांदा आणि हिशोब लिहिलेला खांदा यांत दीड इंचाचा फरक मी स्वतः टेपवर पाहिला आहे. म्हणून छातीवरून काढता येतं ते काढा, खांदा मात्र मोजाच.

आता आकडे. जाकीट कुर्त्यावर घालायचं, तर घेरात पाच इंच सैल हवं. ३८ आणि ५ मिळून ४३; त्याचा चौथा भाग पावणेअकरा. पाठीचा अर्धा भाग पावणेअकरा, पुढचा प्रत्येक भाग पावणेअकरा आणि वर बटणपट्टीसाठी पाऊण इंच. खांद्याचं अर्धं माप पावणेनऊ, पण बिनबाह्यांचा खांदा आत घेतात, म्हणून आठ. खांद्याचा उतार पावणेदोन. गळ्याची रुंदी सव्वातीनला जरा कमी, खोली मागे पाऊण आणि पुढे साडेतीन. मुंढ्याची खोली दहा.

मुंढा म्हणजे जिथून हात बाहेर येतो ते भोक. सगळ्या जाकिटात अवघड जागा हीच, आणि नवशिक्याचा सगळ्यात मोठा गैरसमजही इथलाच. त्याला वाटतं, भोक मोठं केलं की हात मोकळा. एक प्रयोग करून पाहा. मुंढा फार खोल असलेलं जाकीट घाला, बटणं लावा आणि लोकलची कडी धरतात तसा हात वर करा. हाताबरोबर काखेखालचं कापड वर ओढलं जातं आणि अख्खं जाकीट पोटावरून उठतं. आता मुंढा काखेच्या जवळ असलेलं घाला: हात वर गेला तरी जाकीट जागेवर. काखेपासून भोक जितकं लांब, तितकी हाताची हालचाल कापडाला जास्त ओढते. अर्थात काखेला घासण्याइतकं जवळही नको, आत कुर्त्याची बाही मावायची आहे. दहा इंच हा त्यातला तोडगा.

दुसरी गोष्ट, मुंढा पुढे आणि मागे सारखा कापायचा नाही. आपले हात दिवसभर पुढेच काम करतात: जेवताना, टाइप करताना, स्कूटर चालवताना. म्हणून पुढचं वळण मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त आत घ्यायचं, आणि पाठीला मात्र रुंदी राखायची. बाजारच्या स्वस्त जाकिटात हा फरक टाळलेला असतो. मग माणूस हँडल धरून बसला की पाठीवर आडवा ताण येतो आणि छातीवर चुणी पडते.

बेत

आता कात्री. कापड कापणं याला मराठीत बेतणं म्हणतात, आणि बेत या शब्दाचा दुसरा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. शिवणं सोपं असतं. चुकलं तर उसवता येतं. बेतलेलं उसवता येत नाही.

माझं पहिलं जाकीट मी हातमागाच्या निळ्या चौकटीच्या कापडातून बेतलं. पन्हा ३६. पाठीची पूर्ण रुंदी साडेएकवीस, दोन्ही बाजूंना एकेक इंच माया धरून साडेतेवीस. पुढचा भाग साडेअकरा, कडेला एक इंच आणि पुढच्या काठाला पाव इंच धरून पावणेतेरा. दोन्ही शेजारी मांडले की सव्वाछत्तीस. पाव इंचानं हुकत होतं, आणि भिजवल्यावर पन्ह्यातलाही पाऊण इंच गेला होता. म्हणजे एका इंचाची तूट. मला वाटलं, एवढ्यासाठी काय अडायचं. कडेची माया एक इंचावरून अर्धी केली, पुढच्या काठाची पार काढली. बसलं की! मग उरलेल्या कापडातून दुसरा पुढचा भाग, त्याच कागदी फर्म्यावरून कापला.

आणि मग दोन्ही भाग टेबलावर मांडले तर दोन्ही उजवे.

एकेरी कापडातून दोनदा कापायचं, तर दुसऱ्यांदा फर्मा पालथा घालावा लागतो. ते मी विसरलो. मास्तर (आमच्या ओळखीचे एक म्हातारे शिंपी, हा सगळा पराक्रम चहा पीत पाहत होते) काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक तुकडा उचलला, उलटा केला आणि परत ठेवला. डावा झाला. चौकटीचं हातमागाचं कापड दोन्ही अंगांनी सारखं असतं, कारण रंग धाग्यात असतो, वरून छापलेला नसतो. छापील कापड असतं तर तो तुकडा पायपुसण्याला गेला असता. मग मास्तरांनी विचारलं, "एवढं करून वाचवलं किती?" मोजलं तर काहीच नाही. दुसऱ्या पुढच्या भागासाठी खालची २९ इंच लांबी लागणारच होती, मग पहिला तिथेच शेजारी घेतला असता तरी चाललं असतं.

तेच बरोबर आहे. वरच्या २९ इंचांत एकटी पाठ, कापड दुमडून. तिच्या बाजूला उरलेल्या पट्टीत आतल्या पट्ट्या आणि चोरखिसा. खालच्या २९ इंचांत दोन्ही पुढचे भाग, कापड दुहेरी करून एकदम कापायचे, म्हणजे एक डावा आणि एक उजवा आपोआप पडतो; उरलेल्या नऊ इंचांत बाहेरचे खिसे आणि गळ्याची पट्टी. एकूण ५८ इंच, म्हणजे दीड मीटरला जरा कमी. आटणं धरून पावणेदोन मीटर आणायचं. पन्हा ५८ चा असला तर तिन्ही भाग एकाच रांगेत बसतात आणि एक मीटरमध्ये सगळं जाकीट निघतं.

माया कुठे किती? गळ्याला आणि मुंढ्याला पाव ते अर्धा इंच, कारण वळणावर जास्त माया आत गोळा होऊन टोचते. खांद्याला पाऊण. खाली दुमडायला दीड. आणि कडेला, काखेपासून खालपर्यंत, पुरा एक इंच. माणूस कडेनं वाढतो.

शिवण

शिवायचा क्रम उलट्या डोक्याचा आहे: शेवटी दिसणारे खिसे सगळ्यात आधी लावायचे. पुढचा भाग सुटा आणि सपाट असतो तोवरच खिसा सरळ बसतो. खिशाची जागा टेपनं ठरवू नका, कापड अंगाला धरा, हात सहज खाली सोडा, पंजा जिथे वळतो तिथे खडूची खूण करा. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना लहानसा त्रिकोण शिवा. रोज मोबाइल घालून-काढून फाटतं ते तिथेच. चोरखिसा डाव्या भागाच्या आतल्या पट्टीवर.

मग खांदे जोडायचे, पुढच्या काठाला आतून तीन इंचांची पट्टी, गळ्याला दीड इंचाची उभी पट्टी आणि तिच्या पोटात बक्रम. गळ्याचं वळण शिवून झालं की मायेला टाक्यापर्यंत जाणारे बारीक कातरे द्यायचे, नाहीतर पट्टी उभी राहत नाही, आत ओढली जाते. वळणावर मायेची कड आखूड असते आणि शिवणीची ओळ लांब. कातरे दिल्यानं कड उलगडते. कातरा टाक्याच्या एक धागा अलीकडे थांबवायचा. हे वाक्य वाचायला सोपं आहे.

मुंढ्याला तिरकी पट्टी लागते. जुने शिंपी तिला उरेब म्हणतात. सरळ पट्टी वळणावर चुण्या घालते. कापड ४५ अंशांत कापलं की ओढ उभ्या धाग्यावरही पडत नाही आणि आडव्यावरही. बाजेची नवार तिरकी ओढल्यावर चौकोनांचे शंकरपाळे होतात तसं विणकाम सरकतं आणि पट्टी रबरासारखी ताणते. म्हणून ती वळणावर चपखल बसते. सव्वा इंच रुंदीची पट्टी, कडा सपाट असतानाच, म्हणजे कडेच्या शिवणी घालण्याआधी लावून घ्यायची.

मशीनबद्दल थोडं. यंत्रांना नावं ठेवणाऱ्या गांधींनी १९२४ मध्ये एका संवादात शिवणयंत्राला अपवाद केला. बायकोचे शिवण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरनं ते प्रेमापोटी बनवलं, असं त्यांनी सांगितलं. गोष्ट सुंदर आहे. इतिहास इतका हळवा नाही. टोकाला भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा अडकवलेला टाका यांचं पेटंट अमेरिकेत एलियस हो यानं १८४६ मध्येच घेतलं होतं. सिंगरनं १८५१ मध्ये आपलं यंत्र आणलं ते चक्क धंद्यासाठी, आणि होनं त्याला कोर्टात खेचून हरवलं. पण टाका तोच आहे. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना विळखा घालतात. तो विळखा वर किंवा खाली दिसायला लागला, तर ताण चुकला. खादीला १६ नंबरची सुई, इंचाला दहा-बारा टाके. पावसाळ्यात मशीनला आठवड्याला तेल. आमच्या हवेत गंज रात्रीत चढतो. बटणंही म्हणून धातूची नकोत, लाकडाची किंवा नारळाच्या करवंटीची.

शेवटी कडेच्या शिवणी, खालची दुमड हातानं, आणि काज. काज घरच्या मशीनवर नीट होत नसतील तर लाज बाळगू नका. बाजारात 'पिको-फॉल, इंटरलॉक, काज-बटण' अशी पाटी लावलेली टपरी असते, पाच काजं दहा मिनिटांत मिळतात. मोठमोठे शिंपीही तिथेच देतात.

माझं ते निळं जाकीट छान झालं होतं. तीन वर्षं घातलं. मग पोट सुटलं, बटणं ताणायला लागली, आणि कडेची शिवण उसवून पाहिली तर आत अर्ध्या इंचाची, तीही धागे सुटलेली, चिंधी. त्यातून पाव इंचसुद्धा निघेना. आता त्याची भाजीची पिशवी आहे.

त्याच आठवड्यात वडिलांचं जुनं तपकिरी जाकीट ट्रंकेतून काढलं. ते छातीनं माझ्याहून बारीक होते. कडेची टीप ब्लेडनं उसवली, तर आत दोन्ही बाजूंना पुरा इंच. बाहेर उन्हानं आणि साबणानं फिकं झालेलं कापड, आणि आतली पट्टी दुकानातून परवा आणल्यासारखी गडद. पाणी शिंपडलं, जुन्या टाक्यांच्या भोकांवरून नखानं आडवं-उभं घासलं. खादीत भोकं अशी बुजतात. मग काठापासून पाव इंच सोडून नवी टीप घातली. प्रत्येक बाजूला पुढच्या भागातून पाऊण आणि पाठीतून पाऊण असे घेरात तीन इंच निघाले. आता दोन्ही कुशींवर दीड-दीड इंचाची गडद रेघ दिसते. शेजारच्या काकूंना ती फॅशन वाटली.